जमेची बाजू (लेखांक १७) : भिजलं कुणाचं?

या आठवड्यात क्लासच्या फीवर लिहायचे कबूल केले होते. जूनमध्ये पालकांनी एकरकमी भरलेली वर्षाची फी जूनची कमाई धरायची की बारा महिन्यांची, हा प्रश्न. निम्मा मजकूर लिहूनही झाला होता. पण मंगळवारी एक पत्र आले आणि फी बाजूला राहिली. क्लासवाल्यांनी रागावू नये. त्यांची फी आधीच जमा झालेली आहे, त्यांना आठवडाभर थांबायला हरकत नसावी.

पत्र जयसिंगपुरातल्याच एका अडत दुकानातल्या दिवाणजींचे आहे. नाव छापू नका म्हणतात, छापत नाही. मजकूर असा: "आमच्या दुकानावर वर्षाला चार कोटींचा माल विकला जातो. आम्हाला अडत मिळते बारा लाख. बँकेचे साहेब म्हणतात, उलाढाल चार कोटी दाखवा, कर्जाची मर्यादा वाढवून देतो. करसल्लागार म्हणतात, बारा लाखच दाखवायचे. मालक म्हणतात, दोघांनाही सांभाळून घ्या. मी काय लिहू?"

मालकांची सूचना तूर्त बाजूला ठेवू. तिच्यावर लिहायचे तर लेखमालेचे नाव बदलावे लागेल. पण प्रश्न फार चांगला आहे. मागच्या आठवड्यात पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचा वर्षाचा देखभाल करार आपण बारा महिन्यांत तोडला. तिथे भांडण 'केव्हा'चे होते. दिवाणजींचे भांडण 'किती'चे आहे, आणि त्याच्या पोटात 'कुणाचे' हा प्रश्न बसलेला आहे. गेली पस्तीस वर्षे मी दुसऱ्यांच्या वह्या तपासतो आहे. माझा अनुभव असा की 'केव्हा' चुकले तर पुढच्या वर्षी आपोआप थोडेफार जुळते. 'कुणाचे' चुकले की मात्र पेढीच बसते.

हा प्रश्न जयसिंगपुरातून यावा यात नवल नाही. हे गावच मुळी बाजारासाठी आखलेले. कोल्हापूर-मिरज रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाली. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये कोल्हापुरात शाहूपुरीची पेठ वसवली, आणि पुढे १९१७ मध्ये शिरोळ रोड स्टेशनाजवळ, वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने, हे गाव. सरळ रेषेत गल्ल्या, आणि गल्ल्यांना नावांऐवजी आकडे. पत्ता सांगताना आजही आपण पाचवी गल्ली, आठवी गल्ली असेच सांगतो. हिशेबनिसाने गाव वसवायचे म्हटले असते तर त्याने याहून वेगळे काय केले असते?

माझे वडील इथल्याच एका अडत दुकानात दिवाणजी होते. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायचो. शेंगांच्या पोत्यांची ऊब, तंबाखूचा ठसका, आणि गादीवर मांडी घालून लिहिणारे वडील. दुपार कलली की एकेक शेतकरी येऊन कट्ट्यावर टेकायचा आणि म्हणायचा, "दिवाणजी, तेवढी पट्टी करा की, गाडी गाठायची हाय."

पट्टी म्हणजे हिशेबपट्टी. माल कितीला गेला, त्यातून काय कापले, हातात काय पडणार, याचा वीतभर कागद. नंतर मी मोठमोठे ताळेबंद पाहिले, गुळगुळीत कागदावर छापलेले वार्षिक अहवाल पाहिले. पण उत्पन्न कुणाचे हे इतक्या कमी जागेत सांगणारा दुसरा कागद पाहिला नाही.

आकडे सोयीसाठी गोल धरू. दहा क्विंटल शेंग, दर सहा हजार. माल गेला साठ हजारांना. खाली कपात: शेकडा तीनने अडत १,८००, हमाली २००, तोलाई १००, आणि दुकानाने ट्रकवाल्याला परस्पर भागवायचे मोटारभाडे ९००. कपात झाली ३,०००. शेतकऱ्याला निव्वळ ५७,०००.

आता वडील हे कीर्दीत कसे लिहीत ते बघा. खरेदीदाराच्या नावे ६०,०००. जमेला पाच ओळी. शेतकरी ५७,०००, हमाल २००, मापाडी १००, ट्रकवाला ९००, आणि शेवटी अडत खाते १,८००. जमा पाच, पण पेढीची त्यातली एकच. बाकीच्या रकमांना वडील 'पाहुणे पैसे' म्हणत. ते घरात येतात, चहा घेतात, संध्याकाळी निघून जातात. गल्ल्यातसुद्धा त्यांनी दोन कप्पे केले होते, आणि पेढीच्या कप्प्यातून किराणा आणला तरी पाहुण्यांच्या कप्प्याला कोणी हात लावायचा नाही, अशी शिस्त होती.

ही शिस्त सगळीकडे होती असे मात्र नाही. जिल्ह्यातल्याच एका पेढीने पाहुण्या पैशांतून दुमजली घर बांधले. सुगीत पट्ट्या थकल्या, शेतकरी दारात बसले, आणि पुढच्या वर्षी त्या दुकानाला कुलूप लागले. वह्या तपासायला गेलेल्यांत मीही होतो. विक्री भरघोस, नफाही दिसत होता. कारण सगळी विक्री त्यांनी आपल्याच जमेला धरली होती आणि वर्षअखेरीची शेतकऱ्यांची देणी लिहिलीच नव्हती.

भारतीय सनदी लेखापाल संस्थेने १९८५ मध्ये लेखा मानक ९ काढले. महसूल कधी आणि किती धरायचा याचा हा नियम. धंद्यातले लोक त्याला 'एएस नाईन' म्हणतात. एजन्सीचे नाते असेल तिथे महसूल म्हणजे फक्त कमिशन, हातात आलेली एकूण रक्कम धरायची नाही, असे त्यात स्पष्ट आहे. आयकराचे उत्पन्न मोजण्यासाठी केंद्र सरकारने जी मानके काढली आणि २०१६-१७ च्या आर्थिक वर्षापासून लागू केली, त्यांतही जवळजवळ तेच शब्द आहेत. मोठ्या कंपन्यांसाठी १ एप्रिल २०१८ पासून आलेले 'इंड एएस ११५' हेच सांगते, जरा अधिक पाल्हाळाने. वडील हे वाचायला नव्हते. असते तर म्हणाले असते, यात नवीन काय?

एक खोच इथेच मोकळी करतो, कारण ती नेहमी विचारली जाते. हमालीचे २०० कापले आणि हमालांना १५० च दिले, तर उरलेले ५० कुणाचे? लेखाशास्त्र त्यांना उत्पन्न म्हणेल आणि जमेला धरायला लावेल. बाजार समिती त्यांना दुसरे काही म्हणेल. हमाल काय म्हणतील ते छापता येणार नाही.

दुसरी खोच ताळेबंदाची. नफा-तोटा पत्रकात अडत १,८०० एवढीच दिसली तरी ताळेबंदात मात्र मोठे आकडे दिसणारच. ३१ मार्चला खरेदीदाराकडून ६०,००० यायचे असतील आणि शेतकऱ्याला ५७,००० द्यायचे असतील, तर येणे आणि देणे दोन्ही पूर्ण लिहायचे. वजाबाकी करून ३,००० लिहिणारे कारकून मी पाहिले आहेत. येणे एकाकडून आहे, देणे दुसऱ्याला आहे. त्यांची परस्पर वळती करायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

आता कच्चे आणि पक्के. हा माझा आवडता कोपरा आहे, त्यामुळे जरा बसून बोलू.

१९८४ च्या अर्थसंकल्पाने आयकर कायद्यात एक नवे कलम घातले. चाळीस लाखांवर विक्री असलेल्या व्यापाऱ्याला लेखापरीक्षण सक्तीचे झाले. अडत्यांचा जीव टांगणीला लागला. चाळीस लाखांचा माल तर सुगीच्या दोन महिन्यांत हातून जातो. मग ही विक्री आमची की शेतकऱ्याची? व्यापारी संघटनांनी दिल्लीला विचारणा केली आणि १७ मार्च १९८६ ला प्रत्यक्ष कर मंडळाचे परिपत्रक क्रमांक ४५२ निघाले. इंग्रजी परिपत्रक, पण त्यातले दोन कळीचे शब्द बाजारातून जसेच्या तसे उचललेले आहेत: कच्चा अडत्या आणि पक्का अडत्या. सरकारी कागदाला इंग्रजीत या दोघांसाठी शब्द सापडू नयेत याचा मला अजून आनंद होतो.

परिपत्रकाचा निवाडा असा. कच्चा अडत्या फक्त मालधन्याच्या वतीने विकतो. मालावर त्याची सत्ता नसते, तेजी-मंदीत त्याचा हिस्सा नसतो, खरेदीदार कोण हे तो मालधन्याला सांगतो, आणि त्याला मिळते ती फक्त अडत व पदरचा खर्च. त्याची उलाढाल म्हणजे त्याची अडत. पक्का अडत्या दोन्ही बाजूंना स्वतः बांधला जातो. समोरचा कोण हे तो मालधन्याला सांगत नाही, आणि सौद्याला स्वतःचा माल लावू शकतो किंवा मालधन्याचा माल स्वतःच्या खाती घेऊ शकतो. त्याची उलाढाल म्हणजे पूर्ण विक्री. हा भेद दिल्लीतल्या कारकुनाने रचलेला नाही. पक्क्या अडतीचे स्वरूप मुंबई उच्च न्यायालयाने १९०५ मध्येच भगवानदास विरुद्ध कानजी या खटल्यात उलगडून ठेवले होते. जयसिंगपूर वसण्याच्या आधी बारा वर्षे.

वाचायला सोपे वाटते. पण दुकानाच्या पाटीवर कच्चा-पक्का लिहिलेले नसते. आणि खरी अडचण अशी की एकच दुकान सकाळी कच्चे आणि दुपारी पक्के असू शकते.

मे महिन्यातली एक संध्याकाळ. मी सहावी-सातवीत असेन. दुकानापुढच्या पटांगणात पोत्यांच्या दोन थप्प्या होत्या. एक थप्पी दुसऱ्या दिवशीच्या लिलावाची, शेतकऱ्यांची वक्कले चिठ्ठ्या लावून रचलेली. दुसरी मालकांनी पंधरवड्यापूर्वी दर पडलेला असताना स्वतःच्या खाती घेतलेली, तेजीची वाट पाहत पडलेली. शेंग तीच, पोती तीच, काटा तोच. वळवाची सर आली. ताडपत्री एकच होती. हमाल ती घेऊन लिलावाच्या थप्पीकडे पळाले, तेवढ्यात मालक आतून ओरडले, "आधी आपलं झाका!"

त्या रात्री जेवताना वडील बोलले नाहीत. आईने दोनदा विचारल्यावर एवढेच म्हणाले, "भिजलं कुणाचं, ते आज कळलं."

दुसऱ्या दिवशी भिजलेल्या शेंगांचा दर पडला. तो तोटा पट्टीतून शेतकऱ्यांच्या वाट्याला गेला. मालकांची थप्पी कोरडी राहिली. १८७२ चा करार कायदा एजंटाने धन्याच्या मालाची वाजवी काळजी घ्यावी असे सांगतो, तेव्हा त्या शेतकऱ्यांना भरपाई मागता आली असती. कुणी मागितली नाही. त्या काळी कोण मागणार, आणि उद्या माल घालायचा कुणाकडे?

लेखाशास्त्रापुरते बोलायचे तर ताडपत्रीने त्या संध्याकाळी दोन थप्प्यांचे खाते लिहून दाखवले होते. विकायच्या आधी माल भिजला, सडला, दर कोसळला, तर तोटा कुणाचा? शेतकऱ्याचा असेल तर तुम्ही एजंट, तुमचे उत्पन्न अडत. तुमचा असेल तर तुम्ही व्यापारी, तुमचे उत्पन्न पूर्ण विक्री आणि तुमचा खर्च पूर्ण खरेदी. इंड एएस ११५ मधली भाषा जड आहे: गिऱ्हाइकाच्या ताब्यात जाण्यापूर्वी मालावर नियंत्रण कुणाचे होते? ते ओळखायला तीन खुणा दिल्या आहेत. माल पुरवण्याची मुख्य जबाबदारी कुणाची, मालसाठ्याची जोखीम कुणाची, आणि दर ठरवायची मुभा कुणाला. मी विद्यार्थ्यांना तिन्ही शिकवतो, पण परीक्षेला जाताना एवढेच सांगतो की गोंधळलात तर विचारा, भिजलं कुणाचं?

आणि हे दुकानागणिक ठरवायचे नसते, सौद्यागणिक ठरवायचे असते. दिवाणजींनी आपल्या चार कोटींतून आधी मालकांनी स्वतःच्या खाती घेतलेला माल वेगळा काढावा. "दर पडलाय, ठेवून जा, माझ्या खाती टाकतो" असे म्हणून घेतलेले प्रत्येक वक्कल ही खरेदी आहे. ते पुढे विकले की त्याची विक्री पूर्ण रकमेने लिहायची, आणि ३१ मार्चला पडून असेल तर साठ्यात धरायचे. त्यावर पुन्हा अडत कापली असेल तर ती स्वतःच स्वतःला दिलेली अडत. लेखाशास्त्रात तिला किंमत नाही आणि शेतकऱ्याच्या पट्टीत तिला जागा नसावी.

इथे एक वाचक नक्की हात वर करतील. मागे उसाच्या उचलीवर त्यांनीच चार पानी पत्र धाडले होते. ते म्हणतील, "अहो, खरेदीदार पंधरा दिवसांनी पैसे देतो, आम्ही शेतकऱ्याला त्याच दिवशी पट्टी देतो. खरेदीदार बुडाला तर आम्ही बुडतो. एवढी जोखीम घेऊन आम्ही नुसते एजंट कसे?"

त्यांची शंका इतकी रास्त आहे की ती लंडनमध्येही निघाली होती. मे २०१४ मध्ये जगासाठी महसुलाचे नवे मानक, आयएफआरएस १५, प्रसिद्ध झाले तेव्हा त्यात तीनच्या जागी पाच खुणा होत्या. उधारी बुडण्याची जोखीम कुणावर, ही एक. आणि मोबदला कमिशनच्या रूपात मिळतो का, ही दुसरी. लोक या दोन खुणांवरच अडून बसू लागले. एप्रिल २०१६ मध्ये मानकात दुरुस्ती झाली आणि या दोन्ही खुणा काढून टाकल्या गेल्या. आपल्याकडे ११५ आले ते तीनच खुणा घेऊन.

माझ्या मते काढल्या ते योग्यच झाले. उधारीची हमी देणारा एजंट ही जुनी जात आहे. युरोपातल्या व्यापाऱ्यांनी त्याला 'डेल क्रेडेरे' असे इटालियन नाव दिले होते, आणि तो या हमीसाठी कमिशन जरा जास्त घेई. हमी दिल्याने माल त्याचा होत नाही. माल विकून झाल्यावरची जोखीम पैशाची असते, आणि 'भिजलं कुणाचं' हा प्रश्न विकण्याच्या आधीचा. उधारी बुडाली तर ती बुडीत खर्चात लिहा, पण तेवढ्यासाठी दुसऱ्याची विक्री आपल्या नावावर लावू नका.

तसाच प्रश्न जुलै २०१६ नंतर निघाला. राज्य सरकारने अध्यादेश काढून फळे-भाजीपाला नियमनातून मोकळा केला आणि त्यावरची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचे ठरले. बाजार बंद राहिले, मोर्चे निघाले, ते सगळ्यांना आठवत असेल. वहीत काय बदलले? जमेची अडत तीच राहिली. पट्टीतली एक कपात गेली आणि खरेदीदाराच्या बिलात एक ओळ वाढली. तुमचे गिऱ्हाईक कोण, हे मात्र बदलले, आणि ज्याच्याकडून पैसे घ्यायचे त्याच्याच विरुद्ध दर चढवून द्यायचा, ही कसरत अडत्याच्या नशिबी आली. हिशेबात ती दिसत नाही.

(गुळाचे एक उपकथानक आहे. १५ नोव्हेंबर २०१७ च्या परिपत्रकाने जीएसटीसाठी गूळ 'शेतमाला'च्या व्याख्येबाहेर ठेवला. कोल्हापूर जिल्ह्यात राहून हे वाक्य लिहिताना हात थबकतो. त्यावर वेगळा लेखांक.)

फुगवलेल्या उलाढालीचा मोह फक्त आपल्याकडचा आहे असे समजू नका. अमेरिकेत शिकागोच्या ग्रुपॉन या कंपनीने २०११ मध्ये शेअर विक्रीची तयारी केली. ती हॉटेलांची, ब्यूटी पार्लरची सवलत कूपने विकायची. गिऱ्हाइकाने कूपनाला दिलेली पूर्ण रक्कम तिने महसूल धरली होती, हॉटेलवाल्याला द्यायचा वाटासुद्धा. शेअर बाजाराच्या नियामकांनी प्रश्न विचारले. सप्टेंबर २०११ मध्ये कंपनीने आकडे बदलले, आणि २०१० सालचा महसूल सुमारे ७१ कोटी डॉलरवरून सुमारे ३१ कोटींवर आला. नफा-तोटा तेवढाच राहिला, कारण वरचा आकडा कमी झाला तसा खालचा खर्चही कमी झाला. एवढ्या मोठ्या कंपनीत वीतभर पट्टी लिहिणारा एक दिवाणजी नव्हता.

आता बँकेचे साहेब. त्यांना वाईट म्हणू नये. त्यांच्या हातात एक ठोकताळा आहे. नव्वदीच्या सुरुवातीला नायक समितीने लघुउद्योगांसाठी तो सुचवला: अंदाजित वार्षिक उलाढालीच्या वीस टक्के खेळते भांडवल द्यावे. आता गणित करा. चार कोटींचे वीस टक्के ८० लाख. बारा लाखांचे वीस टक्के २ लाख ४० हजार. साहेब चार कोटी का मागतात ते कळले असेल. पण हा ठोकताळा माल घेऊन, त्यावर प्रक्रिया करून विकणाऱ्यांसाठी आहे. अडतीला तो लावणे म्हणजे बैलाच्या मापाने शेळीला वेसण घालणे.

दुकानाची खरी गरज दोन्हींच्या मधे आहे आणि ती मोजता येते. शेतकऱ्याला पैसे आज द्यायचे, खरेदीदाराकडून पंधरा दिवसांनी यायचे. चार कोटींना ३६५ ने भागा, पंधराने गुणा. साडेसोळा लाखांच्या जवळ येते. सुगीत ते दुप्पट-तिप्पट होईल, तर सुगीच्या महिन्यांची आवक वेगळी दाखवा. म्हणजे बँकेला द्यायचा कागद असा: नफा-तोटा पत्रकात अडत बारा लाख, त्याखाली टीप की मालधन्यांच्या वतीने विकलेला माल चार कोटी, आणि महिनावार येणी-देणी. चार कोटी लपवायचे नाहीत, फक्त महसुलाच्या ओळीत बसवायचे नाहीत. शाखेतल्या साहेबांना हा कागद कळला नाही तर त्यांच्या वरच्यांना कळेल.

करसल्लागारांचे बरोबर आहे, पण त्यांना एक आठवण करून द्या. बारा लाख उलाढाल म्हणजे लेखापरीक्षणाची मर्यादा लांब राहिली, हे खरे. मात्र छोट्या धंद्यांसाठी विक्रीच्या ठरावीक टक्के नफा धरून मोकळे होण्याची जी सवलत १९६१ च्या कायद्यात कलम ४४एडीने दिली, ती कमिशन, दलाली आणि एजन्सीच्या धंद्याला दिलेली नाही. तेव्हा वह्या नीट ठेवाव्याच लागतात. ज्यांना वाटते की एजंट ठरलो म्हणजे हिशेबातून सुटलो, त्यांची इथे निराशा होते.

राहिला ३१ मार्च. पत्राच्या मागच्या बाजूला दिवाणजींनी पेन्सिलीने लिहिले आहे: "सौदा ३१ तारखेला झाला, तोल १ तारखेला. अडत कोणत्या सालची?" हा पेन्सिलीतला प्रश्न मला शाईतल्या प्रश्नापेक्षा जास्त आवडला. सौदा तुटला की अडत्याचे अर्धे काम झाले. पण तोल होईपर्यंत वांधा निघू शकतो. पोत्यात ओल सापडते, नमुन्यापेक्षा माल हलका निघतो, कडता वाढतो, कधी सौदाच मोडतो. अडत वजनावर मिळते आणि वजन अजून झालेले नाही. एएस नाईनच्या भाषेत सेवा पुरी झालेली नाही आणि रकमेत अनिश्चितता आहे. माझे मत, अडत एप्रिलची, म्हणजे नव्या सालची. तोल ३१ ला झाला आणि पैसे फक्त एप्रिलमध्ये आले, तर मात्र अडत मार्चचीच. पैसे कधी आले याच्याशी तिचा संबंध नाही. काही मित्र सौद्याच्या दिवशीच अडत धरतात आणि वांधा निघाला तर उलटी नोंद करतात. दरवर्षी एकाच रीतीने करत असतील तर मी त्यांच्याशी भांडत नाही, पण मला ते पटत नाही.

तेव्हा दिवाणजी, तुम्ही लिहायचे ते असे. मालकांच्या खातीचा माल वेगळा काढा आणि त्याची खरेदी-विक्री पूर्ण लिहा. उरलेल्यावर अडत लिहा, आणि खाली टिपेत मालधन्यांचा आकडा. ३१ मार्चला तोल न झालेले सौदे वेगळ्या कागदावर नोंदवून ठेवा. मालक म्हणतील दोघांना सांभाळा, तर हा कागद त्यांच्यापुढे ठेवा. यात दोघेही सांभाळले जातात.

ऊसवाल्यांनी विचारण्याआधी सांगतो, तोडणी-वाहतुकीची कपात ही पट्टीतल्या मोटारभाड्याची बहीणच आहे की तिचे घराणे वेगळे, यावर माझे मत अजून पुरते बसलेले नाही. हंगाम संपेपर्यंत बसेल.

पुढच्या आठवड्यात क्लासची फी, नक्की. आणि एक विनंती. वडिलांच्या हातची एकही पट्टी माझ्याकडे उरलेली नाही. घर बदलताना सगळी दप्तरे रद्दीत गेली. कुणाच्या माळ्यावर, ट्रंकेत, पोथीच्या रुमालात जयसिंगपूर किंवा अंकली पुलापलीकडच्या सांगली बाजाराची १९७० पूर्वीची पट्टी असेल, तर नावे झाकून तिचा फोटो पाठवा. मोडी असली तरी चालेल, वाचून घेईन.